तासाभराचं अंतर

वाळवंटातल्या जानेत गावाच्या विमानतळावर तिकिटांची खिडकी एकच, आणि त्या खिडकीत बसायची फदमा. मार्चमध्ये एक उंच माणूस तिच्यासमोर येऊन तडकला.

"माझं गाव तामनरासेत, इथून हवेतून चारशे चाळीस किलोमीटर. उड्डाण तासाभराचं. आणि मी दोन दिवस इथे कुजतोय!"

"मग उडा की! वाळूचं वादळ काय मी उठवलंय?"

फेट्याचा पदर नाकापर्यंत ओढलेला, त्यामुळे त्याचे फक्त डोळे दिसत होते... आणि ते चक्क हसले. मेल्याचं ते हसणंच नडलं! अमूद त्याचं नाव, धावपट्टीचे दिवे दुरुस्त करायचा. पुढे जानेतचे दिवे जरा जास्तच बिघडायला लागले, आणि बिघडले की अमूद हजर.

लग्नाचं ठरत आलं आणि तिथेच घोडं अडलं. आमच्यात नवरा पहिलं वर्ष बायकोच्या आईच्या दारी राहतो. हे महाशय म्हणाले, "नोकरी तिकडे आहे गं. दर गुरुवारी येत जाईन. तासाभराचं तर अंतर!"

फदमाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आईशी बोलायला म्हणून तो तीन गुरुवार येणार होता, आणि तिन्ही विमानं रद्द झाली होती. आईने निक्षून सांगितलं, "या शुक्रवारपर्यंत आला तर जावई. नाहीतर विषय संपला."

फदमाने त्याला फोनवर झाडलाच. "तुझा तास घाल चुलीत! विमान उडालं तर तास. नाही उडालं तर? मी तापाने फणफणले तर वाऱ्याला विचारून येणार आहेस? मला... मला नवरा हवाय, वेळापत्रक नकोय!"

फोन आपटला आणि ढसाढसा रडली. जीव त्याच्यावरच जडला होता, करते काय!

शुक्रवारचंही विमान रद्द झालं. दुपारी आई वाळूत भाजलेली भाकर घेऊन खिडकीपाशी आली. "खा. आणि त्याला विसर."

तेवढ्यात दार धाडकन उघडलं. अमूद! नखशिखांत धुळीने माखलेला.

"फोन का उचलत नाहीस?" तो तिथूनच ओरडला. "रस्त्याने सातशे किलोमीटर गाडी हाकत आलोय! दोन टायर फुटले!"

"मी बोलावलं होतं?"

"नाही! मीच आलो! अक्कल नाही म्हणून आलो! तुझ्यावाचून करमत नाही म्हणून आलो!"

हातवारे करता करता पदर सुटला आणि तोंड उघडं पडलं. होणाऱ्या सासूसमोर ओठ उघडे! आमच्यात पुरुषाची याहून मोठी बेअब्रू नाही. रांगेतल्या लोकांनी माना फिरवल्या. अमूद पांढराफटक पडला. आईने डोळ्यांवर ओढणी ओढली, पण तिचे खांदे हसण्याने गदगदत होते.

"फदमा," ती ओढणीआडून म्हणाली, "विचार त्याला, सामान किती आणलंय?"

"सगळं," अमूद पुटपुटला. "इथे बदली मागितलीय. नाही दिली तर नोकरी गेली खड्ड्यात."

फदमा खिडकीमागून बाहेर आली. तिने त्याचा पदर वर ओढला आणि गाठ करकचून बांधली.

"राग गेलेला नाही हं माझा," ती म्हणाली. डोळे मात्र भरून आले होते.

"असू दे," अमूद म्हणाला. "मी कुठे जातोय आता?"