छतावरची गुणगुण

बाई वर्गात शिरल्या तेव्हा बबडीच्या बाकावर दोन पाय उभे होते. पायांचा मालक वर, ट्यूबलाइटला कान लावून, डोळे मिटून…

"उतरा आधी! तो तिचा बाक आहे."

"श्शू… ऐकू द्या."

पंधरा वर्षांच्या नोकरीत बाईंना कुणी श्शू केलं नव्हतं. त्या इतक्या गडबडल्या की खरंच गप्प बसल्या.

"ट्यूबचा चोक गुणगुणतोय," वायरमन खाली उतरत म्हणाला. "बारीक आवाज आहे, पण दिवसभर ऐकला तर डोकं उठेल माणसाचं."

बाईंना एकदम रडू फुटणार असं वाटलं. तीन आठवडे त्या हेच लिहून देत होत्या. बबडी सात वर्षांची, ऑटिझम असलेली; दिवे लागले की दोन्ही कान झाकून बसायची. ऑफिसचं उत्तर आलं होतं – दिवे लागतात, सबब तक्रार निकाली. तरीही त्या लिहीत राहिल्या, तेव्हा कुठे आज वायरमन आला होता. मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये मात्र ऑटिझम असलेल्या मुलांना शिकवण्याची बारा मार्गदर्शक तत्त्वं सोनेरी चौकटीत झळकत होती. तिसरं तत्त्व, वर्गात शांतता असावी. चौकटीच्या बरोबर वर शाळेची बेल ठोकली होती.

आणि पुढच्या गुरुवारी समिती येणार होती. बबडीला या वर्गात ठेवायचं की घरी पाठवायचं, ते ठरवायला.

वर्गात दिवे सहा. वायरमन रोज एक बदलायचा.

"सगळे एका दिवसात होत नाहीत का हो?"

"होतात की," तो गंभीरपणे म्हणाला. "पण घाईचं काम मला पटत नाही."

बाईंनी शिडीवरच्या माणसाचं चित्र काढून बबडीला त्याचं काम सुरू होण्याआधीच दाखवलं होतं, म्हणून तिनं त्याला चालवून घेतलं. मग बाईंनी त्यालाही शिकवलं. बदल आधी सांगायचा. एका वेळी एकच गोष्ट बोलायची. अत्तरबित्तर लावून वर्गात यायचं नाही, वास तिला सोसत नाही. प्रश्न विचारला की उत्तराची वाट बघायची.

"किती वेळ?"

"येईपर्यंत."

"जमेल. आई म्हणते, मी वाट बघण्यातच म्हातारा होणार…"

बाई उगाचच खडू शोधू लागल्या. खडू हातातच होता.

गुरुवारी समितीची पाच माणसं मुलांच्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे छातीशी घेऊन बसली. बबडी मणी ओवत होती. लाल, पिवळा, लाल… बाई मनात म्हणत होत्या, अजून वीस मिनिटं, फक्त वीस.

दार उघडलं. आधी अत्तर आत आलं, मागून वायरमन. नवा शर्ट, भांग पाडलेला. "म्हटलं, दिवे एकदा बघून जावेत…"

मण्यांची माळ जमिनीवर पडली. बबडी नाक-कान दाबून बाकाखाली शिरली आणि किंचाळू लागली. वायरमनचा चेहरा पांढराफटक पडला. तो आल्या पावली मागे पळाला. समितीतल्या एकानं पेनाचं टोपण काढलं.

संपलं, बाईंना वाटलं. त्यांनी दिवे बंद केले, बाकापासून हातभर अंतरावर जमिनीवर बसल्या, एकदाच म्हणाल्या, "मी इथे आहे." मग गप्प. खिडकीजवळच्या दोन मुलांनी न सांगता खिडक्या उघडल्या. बाकीच्या मुलांनी पेन्सिली खाली ठेवल्या.

"हे किती वेळ चालणार?" अध्यक्षांनी खणखणीत आवाजात विचारलं.

"आजोबा, हळू बोला ना," दुसऱ्या बाकावरची एक पोर कुजबुजली.

अध्यक्ष आयुष्यात पहिल्यांदा हळू झाले.

अकरा मिनिटांनी बबडी बाहेर आली, मणी गोळा केले आणि पुढे ओवू लागली. पिवळा, लाल… अध्यक्षांनी सर्वांकडे पाहिलं आणि लिहिलं – इथेच राहू द्यावे, या वर्गाला हिच्याबद्दल आपल्यापेक्षा जास्त कळते.

वायरमन मैदानाच्या कडेच्या नळाखाली मान घालून खसाखसा घासत होता.

"राहिली?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"राहिली."

तो तिथंच पायरीवर बसला. "माझ्यामुळे जाणार होती…"

"हो," बाई म्हणाल्या. खोटा धीर देणं त्यांना जमत नसे. "सांगितलं होतं ना मी तुम्हाला?"

"पाठ होतं सगळं. पण सकाळी बाटली हातात आली आणि…"

"समितीसाठी लावलंत?"

"समितीत सगळ्यात तरुण माणूस पासष्टचा आहे, बाई."

बाई हसल्या. पंधरवड्यात पहिल्यांदा. हसता हसता डोळे भरले, ते ओढणीनं पुसले आणि मग तीच ओढणी त्याच्यापुढे धरली. त्यानं भीत भीत तिच्या टोकानं कपाळ पुसलं.

"सहाही दिवे झाले," तो म्हणाला. "उद्यापासून मला इथे काही काम नाही…"

नळ त्यानं बंद केला तरी ठिबकत होता. त्याचा चेहरा उजळला.

"वायसर गेलाय याचा. मला नळाचंही थोडंफार—"

"अजिबात हात लावू नका," बाई म्हणाल्या. "नुसते या."