मनोऱ्याचं मधलं दार

ऑफिसात तिला सगळे मोजपट्टी म्हणायचे. पाठीमागे म्हणायचे, पण इतक्या मोठ्याने की ते तिच्यापर्यंत पोहोचल्याशिवाय राहत नसे. तिला त्याचा राग यायचा नाही. कुणी ‘साधारण एवढं धरून चालू’ असं म्हटलं, की मात्र तिच्या कपाळाला आठी पडायची आणि मग त्या माणसाची धडगत नसायची.

तेव्हा तिच्याकडे एका नव्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा मनोरा होता. काम तसं तिच्या हातचं. भट्टीत तापलेलं कच्चं तेल मनोऱ्याच्या बुडाशी शिरतं, त्याची वाफ वर चढते, चढता चढता निवते आणि ज्याला जिथे निवायचं तिथे ते थांबतं. सगळ्यात वर पेट्रोलचा हलका माल, खाली रॉकेल, त्याच्या खाली डिझेल, आणि ज्याला चढणं जमतच नाही ते काळं दाट तेल तळाला. ही थांबायची ठिकाणं म्हणजे ट्रे, मनोऱ्याच्या पोटात एकावर एक बसवलेल्या भोकाभोकांच्या पोलादी थाळ्या. दोन ट्रेंच्या मध्ये माणसाला उभं राहता येत नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसता येतं, तेवढंच.

किती ट्रे, कुठून काय काढायचं, भट्टीने किती उष्णता द्यायची, सगळा हिशेब तिने डोळ्यांत तेल घालून केला होता. एके दिवशी जेवणाच्या सुट्टीनंतर पायाभाऊ तिच्या टेबलाशी आला. पायाभाऊ म्हणजे मनोऱ्याचा पाया आखणारा इंजिनिअर.

“मॅडम, तुमच्या मनोऱ्याचं वजन जुळत नाहीये. माझी बेरीज आणि कॉम्प्युटरच्या मॉडेलमधलं वजन, दोन्हींत फरक येतोय.”

“किती?”

“अहो, एवढ्या टनांत काहीच नाही. एका माणसाएवढं असेल.” तो हसला. “कुणाला आत विसरलात की काय?”

तीही हसली. पण तो गेल्यावर तिने हातातलं काम बाजूला ठेवलं आणि पत्रा, ट्रे, नळ्यांची तोंडं, बोल्टसुद्धा पुन्हा तपासले. सगळं जिथल्या तिथे होतं. फरकही जिथल्या तिथे होता.

ती उठून चित्रकाराकडे गेली. हा जाडगेला, टकलू गृहस्थ चित्रं काढायचा नाही. पूर्ण कारखान्याचं कॉम्प्युटरमधलं मॉडेल त्याच्या ताब्यात असायचं, म्हणून ते नाव.

“मनोरा उभा कापून दाखवा,” ती म्हणाली.

“आत काय बघणार? आत अंधार आहे,” असा विनोद करत त्याने माउस फिरवला. मनोऱ्याची अर्धी भिंत नाहीशी झाली. डिझेल काढायच्या जागेच्या जरा वर, दोन ट्रेंच्या मध्ये, एक माणूस बसला होता.

मॉडेलमध्ये माणसं असतातच. जिन्यावर डोकं आपटतंय का, व्हॉल्व्हच्या चाकापर्यंत हात पोहोचतोय का, हे बघायला राखाडी रंगाचे बिनचेहऱ्याचे पुतळे उभे करतात. ते बाहेर, मोकळ्या जागेत उभे करतात. हा आत होता, गुडघे छातीशी घेऊन, मान खाली घालून.

“ही कसली थट्टा?” ती म्हणाली.

“आईशप्पथ, मी नाही ठेवला.” चित्रकाराने पुतळ्यांचा खजिना उघडून दाखवला. उभा, चालता, ओणवा. “माझ्याकडे बसलेला पुतळाच नाहीये मॅडम.”

त्याने तो पुसून टाकला. वजन जुळलं. तिने पायाभाऊला तसं कळवलं आणि विषय डोक्यातून काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिथेच बसलेला होता.

चित्रकाराने फाइलला कुलूप लावलं, पासवर्ड बदलला, कुणाचा खोडसाळपणा आहे म्हणून सगळ्यांना फैलावर घेतलं. काही उपयोग झाला नाही. पुसला की जायचा, आणि लक्ष दुसरीकडे गेलं की परत यायचा. मग तिने ट्रे थोडे खाली सरकवून पाहिले, तर तोही ट्रेबरोबर खाली आला. शेवटी तिने दोन ट्रेंमधलं अंतर कमी केलं. हिशेबात बसत नव्हतं, तरी केलं. बदल मॉडेलमध्ये उमटला, तेव्हा तो होता त्याच जागी होता. मान तेवढी आणखी खाली गेली होती, पार गुडघ्यांमध्ये.

चित्रकार खुर्ची मागे सारून उठला आणि पाणी प्यायला गेला, तो बराच वेळ आला नाही. तिने घाईघाईने अंतर पूर्ववत केलं. कुणाला तरी दुखवल्यासारखं तिला वाटलं, आणि आपल्याला असं वाटतंय याचाच तिला संताप आला.

त्याच आठवड्यात धाकटा घरी आला. धाकटा म्हणजे तिचा भाऊ. आई गेली तेव्हा तो शाळेत होता, त्याला वाढवला तो हिनेच. कारखान्यांत यंत्रं जोडणाऱ्या एका कंपनीत तो आता फिटर लोकांचा मुकादम होता. आल्या आल्या त्याने बूट कोपऱ्यात भिरकावले.

“ताई, तोंड गोड कर. तुझ्या मनोऱ्याचं काम आम्हाला मिळालं. ट्रे बसवायला आत मीच उतरणार.”

तिने हातातला पेला खाली ठेवला.

“दुसरं कुणी नाही का तुमच्याकडे?”

“वा! म्हणजे मनोरा तुझा आणि आत परके? तू काढलेल्या थाळ्या मीच मांडणार.”

“तिथे नको जाऊस.”

“का गं? हिशेब चुकलाय का मोजपट्टीचा?”

काय सांगणार होती ती? कॉम्प्युटरमध्ये एक माणूस बसलाय, म्हणून? तिने विषय बदलला.

दुसऱ्या दिवशी तिने नकाशे पसरले. मनोऱ्यात शिरायला काही थोड्या उंचींवर मॅनहोल असतात, बोल्टांनी घट्ट बसवलेली गोल झाकणं. मॉडेलमधला तो माणूस बसला होता तिथून वरचं मॅनहोलही लांब आणि खालचंही लांब. मध्ये अडकलेल्या माणसाला बाहेर काढायचं, तर एकेका ट्रेचे पत्रे उचकटत जावं लागणार. तिला एकदम वाटलं, तो बसलाय कारण त्याला बाहेर यायला वाट नाही. हे आपल्याला सांगण्यासाठीच तो येतोय.

तिने तिथे एक जादा मॅनहोल मागितलं.

“चांगल्या पत्र्याला उगाच भोक कशाला?” प्रकल्पाचे साहेब म्हणाले. “कारण काय?”

“देखभालीला सोयीचं पडेल.”

“हे तुम्ही बोलताय? तुम्ही तर बोल्टचंही कारण मागता.”

तिने पिच्छा सोडला नाही. मनोरा घडवणाऱ्यांशी वाद घातला, साहेबांची बोलणी खाल्ली, जन्मात पहिल्यांदा हिशेब जरा फुगवून मांडला. शेवटी साहेबांनी हात टेकले. चित्रकाराने ते जादा मॅनहोल, ते मधलं दार, मॉडेलमध्ये बसवलं आणि मनोरा उभा कापला.

आत कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी नव्हतं, त्याच्या पुढच्या दिवशीही नव्हतं. पायाभाऊची बेरीज जुळली. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवली आणि गाढ झोपली.

पुढे मनोरा उभा राहिला. ट्रे बसवायचं काम चाललं होतं तेवढे दिवस तिचा जीव टांगणीला होता. धाकटा आत उतरला की तिचं कामात लक्ष लागायचं नाही, आणि तो बाहेर येऊन फोन करायचा, तेव्हा कुठे ती जेवणाचा डबा उघडायची. तो तिची टर उडवायचा. ट्रे एकामागून एक बसले, शेवटचा बसला आणि झाकणं लागली. धाकटा धडधाकट बाहेर आला. आपण दार ठेवलं म्हणून हे निभावलं, असं तिला मनोमन वाटलं, आणि त्या दिवशी तिने अख्ख्या ऑफिसला चहा पाजला. पायाभाऊला तर दोनदा.

एक दिवस ती टेबलाशी असताना धाकट्याचा फोन आला. मागे वाऱ्याचा आवाज होता.

“ताई, पाणी भरून चाचणी घेतली. एक ट्रे जरा गळतोय. डिझेलच्या वरचा.”

“मग?”

“मग काय, आत जाऊन बघतो. तू ते मधलं दार ठेवलंस ना, त्याच्यासमोरच उभा आहे. झाकण उघडलंय.”

ती खुर्चीतून उठली.

“बरं झालं बाई तू हट्ट धरलास,” तो म्हणाला. “दार नसतं तर इतके ट्रे उचकटत कोण बसलं असतं? थोडं गळतंय तर गळू दे म्हणून सोडून दिलं असतं आम्ही.”

“आत जाऊ नकोस.”

“हवा तपासलीय, दोर बांधलाय. नियमाने सगळं आहे. एक जण आत, एक जण दारावर.”

“धाकट्या, ऐक माझं. जाऊ नकोस!”

“पाच मिनिटांचं काम आहे गं. थांब, फोन दारावरच्या माणसाकडे देतो.”

तेवढ्यात पलीकडून चित्रकाराने तिला हाक मारली. हाक नेहमीची नव्हती. फोन कानाला धरूनच ती गेली.

पडद्यावर मनोरा उभा कापलेला होता.

तो परत आला होता. पण आता मान वर होती. बिनचेहऱ्याचं डोकं दाराकडे वळलेलं होतं. आणि तो नेहमीच्या जागेवरून बाजूला सरकून, भिंतीला टेकून बसला होता. शेजारी एका माणसापुरती जागा रिकामी होती.

दार आपण केलं, एवढंच तिच्या डोक्यात घुमत राहिलं.

“हॅलो,” ती कशीबशी म्हणाली. “हॅलो, कोण आहे?”

“ताई, मी दारावरचा. मुकादम आत उतरलेत.”

“त्याला बाहेर काढा. दोर ओढा, आत्ताच्या आत्ता.”

“दोर सोडला त्यांनी. बसायला अडचण होत होती.”

“हाक मारा त्याला!”

“घाबरू नका हो ताई. एकटे नाहीत ते. आतल्या माणसाने हात देऊन नीट बसवून घेतलंय त्यांना.”