उसनं रडणं

बाळंतपणाची रजा संपल्यावर हाती आलेलं हे पहिलंच काम. एका माहितीपटाचा आवाज नीट करायचा, एवढंच. चित्र दुसऱ्या कुणीतरी जोडलेलं असतं. मी त्याखाली वारा, पावलं, भांडी, कुजबुज बसवते. त्या दुपारी बबडीला सासूबाईंकडे सोपवून मी निघाले, अर्ध्या जिन्यातून परत येऊन दाराची कडी लागली का ते पाहिलं, आणि मगच स्टुडिओत पोहोचले. आत सासूबाई होत्या, कडीचं काय एवढं, पण मी ही अशी.

दिग्दर्शक वाळवंटाखेरीज दुसरं काही चित्रित करत नाहीत. माघारी सगळे त्यांना उंट म्हणतात. मानही तशीच आहे, आणि दिवसभर पाण्याचा घोट न घेता माणसांना राबवायची सवयही.

आमच्या खोलीला खिडकी नाही. भिंतींना जाड फोम. दार लागलं की भर दुपारी रात्र होते, आणि स्वतःच्या कानातलं रक्त ऐकू येऊ लागतं. जुन्या गालिच्याचा आणि तापलेल्या यंत्राचा वास. पडद्यावर मात्र डोळे दिपवणारं ऊन, विहिरीवर रांगेत बसलेल्या बायका, चामड्याच्या पखाली. वाऱ्याने त्यांचे सगळे आवाज गिळले होते. मी एकेक परत घालत होते.

मग तो प्रसंग आला. मातीच्या झोपडीत एक बाई आपल्याकडे अर्धी पाठ करून बसलेली. आढ्याला कापडी झोळी टांगलेली, तिची दोरी बाईच्या हातात. झोळीचे काठ मिटलेले, आत काय आहे ते दिसत नव्हतं. दोरी ओढली जायची, सैल व्हायची, पुन्हा ओढली जायची.

"इथे बाळ रडायला हवं," उंट म्हणाले.

आमच्या साठ्यातली रडणी मी ऐकवली. सगळी एकजात नाटकी.

"तुमच्या घरी आहे की अस्सल माल," ते हसत म्हणाले. "आणा थोडा उसना."

मी आणला. दुसऱ्या दिवशी अंघोळीनंतर बबडी टाहो फोडून रडत होती, आणि तिची आई तिला उचलायचं सोडून तोंडासमोर रेकॉर्डर धरून बसली होती. "अगं, घे ना तिला," सासूबाई म्हणाल्या. "एकच मिनिट, आई," मी म्हटलं. रजेनंतर माझी जागा कुणी दुसऱ्याला देऊ नये, ही धास्ती होती मला.

रडणं त्या दृश्याखाली असं बसलं, जणू तिथलंच. दोरी ओढली जाई आणि बबडी श्वास घेई. उंटांनी माझी पाठ थोपटली. मी दृश्य पुन्हा लावलं. पहिल्या हुंदक्याला बाईची मान किंचित वळली. आधी ती वळत होती का? आठवेना. तान्हं बाळ असलेल्या बाईने स्वतःच्या स्मरणशक्तीवर भरवसा ठेवू नये म्हणतात. मी पुढचा प्रसंग लावला.

घरी आले तर सासूबाई खुशीत होत्या. "आज पोर रडलीच नाही हो. शहाणी झाली."

बबडी पाळण्यात होती. तोंड सताड उघडं, चेहरा लाल, गालांवरून पाणी वाहत होतं. आवाज नव्हता. छाती भात्यासारखी हलत होती आणि घशातून काही म्हणजे काही येत नव्हतं.

डॉक्टरांनी घसा पाहिला, छाती पाहिली, माझ्या डोळ्यांखालची वर्तुळंही पाहिली. "घसा अगदी स्वच्छ आहे. तुम्ही झोपता का नीट?"

मी तडक स्टुडिओत गेले. उंट चहा पीत होते.

"त्या झोळीत बाळ होतं ना?" मी विचारलं.

त्यांनी कप खाली ठेवला. "आम्ही पोहोचायच्या आधीच गेलं होतं ते. ती रिकामीच हलवायची."

"आणि गावातली बाकीची मुलं? एकाचंही रडणं कसं नाही तुमच्याकडे?"

"तिचा हात दोरीवर असेपर्यंत आसपास पोर रडू द्यायचं नाही, अशी रीत आहे त्यांच्यात. आया तोंड दाबून लांब न्यायच्या..."

"का?"

"तिला ते आपलंच वाटतं म्हणे. मग ती... ठेवून घेते."

"हे तुम्ही मला आज सांगताय."

"आधी सांगितलं असतं तर दिलं असतंत?" ते म्हणाले. "आणि अंधश्रद्धा आहे हो. शिकलेल्या तुम्ही."

"काढा ते रडणं."

"प्रत गेली महोत्सवाला. आता माझ्याही हातात नाही."

ते गेल्यावर मी दार लावलं. माझ्या यंत्रातलं रडणं पुसलं, मूळही पुसलं, आणि दृश्य लावलं. आता नुसता वारा असायला हवा होता. बाई पूर्ण वळून झोळीत वाकली होती. ओठ हलत होते. मी आवाज वाढवला. वाऱ्याच्या तळाशी, अगदी कानाशी आल्यासारखं... शू... शू... आणि मग एका पोटभर दूध प्यालेल्या बाळाचा सुस्कारा. तो सुस्कारा मी ओळखते. रोज माझ्या खांद्यावर यायचा.

मी यंत्राची वायर उपटली.

त्यानंतर बबडी कधी रडली नाही. हळूहळू तोंड उघडायचंही तिने सोडून दिलं. सिनेमा मात्र देशोदेशी फिरतोय. रविवारी उंटांचा फोन आला.

"तो झोळीचा प्रसंग तुम्ही बदललात का हो?"

"मी चित्राला हात लावत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"हो, पण... लोक बाळाबद्दल विचारतात. जिथे दाखवतो तिथे. काल एक बाई म्हणाली, झोळीतून डोकावून हसतं ना, तेव्हा खालचे दोन दात काय गोड दिसतात."

मी फोन ठेवला. बबडी पाळण्यात जागी होती. परक्या माणसाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत होती. अंगात तेच झबलं, त्या अंघोळीच्या दिवशीचं. इतके महिने झाले, अजून सैलच होतं तिला. मी हात धुतले, बोट तिच्या तोंडात घातलं आणि खालच्या हिरडीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

गुळगुळीत होती. आणि थंड.