चाकाखालचा पाय

त्या दिवशी मावशीची मंकी फुटली नसती, तर मी आज खाली बेलप्लेन गावात कुणाची तरी झंपरं शिवत सुखात बसले असते. मंकी म्हणजे आमच्याकडची चोचीची सुरई. भरली की पाणी गार ठेवते, फुटली की घरात भांडण लावते. मावशी म्हणाली तूच फोडलीस, मी म्हणाले मांजराने. शेवटी मांजर चुलीपाशी झोपलं आणि मी नवी सुरई आणायला भर पावसात टेकडी चढले.

त्या चॉकी माउंट टेकडीवर पाऊस नुसता पडत नाही, समुद्राकडून आडवा येऊन अंगावर बसतो. कुंभारांच्या वस्तीत पोचेपर्यंत माझी टोपी गळत होती. पहिली उघडी पडवी दिसली, तिथे घुसले. आत एक तरुण चाकाशी बसला होता. हात मनगटापर्यंत चिखलात, हातांत अर्धवट उठलेलं भांडं, आणि चाक मात्र थांबलेलं. आमच्याकडे कुंभाराचं चाक दोघांचं असतं. एकाचे हात वर, एकाचा पाय खाली. खालचा माणूस चाकाशेजारी उभा राहून पायाने दांडा पुढे-मागे ढकलतो, तेव्हा वरचं चाक फिरतं. आणि खालचा माणूस, म्हणजे त्याचे वडील, थंडी वाजून आत्ताच आत जाऊन पडले होते.

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग भांड्याकडे. "उभीच आहेस, तर जरा पाय देतेस का? नाहीतर हे बसेल."

"मी सुरई विकत घ्यायला आलेय," मी म्हणाले, "पाय विकायला नाही."

"उसना दे. हीच सुरई तुझी."

हसला तेव्हा त्याच्या गालावरचा सुकलेला चिखल तडकला. मी चप्पल काढली आणि दांड्याला पाय लावला. चाक आधी गचके खात फिरलं, मग सुरळीत. तो काहीच सांगत नव्हता... आणि तरी मला कळत होतं. त्याचा श्वास लांबला की जोर हवा, श्वास धरला की हळू. त्याने सुरईची मान आवळायला घेतली तेव्हा मीही श्वास धरला होता, हे नंतर लक्षात आलं.

त्याचं नाव डार्नली. सुरई वाळून, भाजून हातात यायला बरेच दिवस लागणार होते, आणि तोवर मला टेकडी चढायला निमित्त होतं. सुरई मिळाली, निमित्त संपलं, मी मात्र चढतच राहिले.

त्याचे वडील, सिंक्लेअर काका, एके काळी टेकडीवरचे नावाजलेले कुंभार होते. मग त्यांचे हात थरथरायला लागले. हात गेले तरी पाय आहेत, असं म्हणून ते मुलासाठी दांडा ढकलायचे. मी आल्यावर त्यांनी दांडाही सोडला आणि माती मळणं, भट्टी लावणं तेवढं ठेवलं. पोरीचा पाय माझ्यापेक्षा बरा आहे, असं येईल त्याला सांगायचे. खरं कारण वेगळंच असावं, कारण सांगताना ते आमच्या दोघांकडेही बघायचे नाहीत.

अशी दोन-तीन वर्षं गेली. मी ढकलायचे, तो घडवायचा. मधल्या वेळात आम्ही एकमेकांची यथेच्छ टिंगल करायचो. माझ्या पायाला म्हशीची ताकद आहे, असं तो म्हणायचा. तुझ्या नाकावरचा चिखल पुसायला आता बायको कर, असं मी म्हणायचे, आणि मग दोघंही उगाच गप्प व्हायचो. एकदा मी नीरफणस भाजून आणला, तर हात चिखलाचे म्हणून मलाच भरवावा लागला. त्याची बोटं एरवी एवढी चपळ, पण त्या दिवशी हात धुवायचं त्याला सुचलंच नाही. बोलायचं तेवढं राहिलं. मला वाटायचं, एवढी घाई कसली...

घाई इंग्लंडला होती. तिकडे बसगाड्यांवर माणसं हवी होती, आणि आमच्या बेटावरून जहाजं भरभरून पोरं चालली होती. डार्नलीचा थोरला भाऊ आधीच गेला होता, त्याने धाकट्यासाठी जागा बघून ठेवली. आता नाही आलास तर पुढे दारं बंद होतील, असा निरोप आला. इकडे घरोघर पत्र्याच्या बादल्या आल्या होत्या आणि सुरया पडून राहत होत्या. काका म्हणाले, "पोरा, जा. ही टेकडी पावसाबरोबर खाली चाललीय. तू कशाला तिच्याबरोबर जातोस?"

डार्नली म्हणाला, तुमचं चाक कोण चालवणार? बिनकामाचं बसलात की चार महिन्यांत जाल तुम्ही. चाकावर बसायला कुणी मिळालं तरच मी जाईन.

काकांनी इकडेतिकडे पाहिलं. पडवीत होतं कोण? मीच.

आमच्याकडे बायका चाकावर बसत नाहीत. रमच्या दुकानात लगेच चर्चा झाली की बाई चाकावर बसली तर भट्टी तडकते. काका म्हणाले, भट्टी माझी आहे, तडकली तर माझी तडकेल, तुम्ही प्या. मग मला म्हणाले की तू वर बस, हा गेल्यावर खालून मी ढकलीन. मी हो म्हणाले. नाही म्हणायला कारण हवं होतं, आणि माझं कारण काकांना सांगण्यासारखं नव्हतं. मला जमलं की तो जाणार. नाही जमलं तर राहणार. माझ्याच हातांनी मी त्याला जहाजावर चढवायचं होतं.

शिकवताना डार्नली खाली उभा राहिला. जागा बदलल्या. पहिल्या दिवशी मी गोळा चाकावर आपटला, हात ओले करून त्यावर ठेवले, आणि त्या गोळ्याने मला खुर्चीसकट हलवून सोडलं. बाहेरून बघताना वाटायचं, माती मऊ असते. माती मऊ नसते, हट्टी असते. कोपर मांडीला टेकव, खांदे सोड, तिच्याशी भांडू नकोस, असं तो खालून सांगत होता. मी म्हणाले, भांडण हेच मला येतं. दुपारपर्यंत पडवीचा खांब, माझा झगा आणि काकांचा कुत्रा, सगळ्यांना चिखल लागला होता, फक्त चाकावर काही उरलं नव्हतं.

पण हळूहळू जमायला लागलं. एके सकाळी गोळा हातांखाली एकदम शांत झाला. फिरत होता, तरी थांबल्यासारखा. मी रडले असते, पण हात गुंतलेले होते. मग अंगठे आत, मग भिंत वर, मग पोट. सगळं होऊ लागलं... आणि मान आली की बिघडायचं. रोज. मान आवळायला घेतली की सुरई एका बाजूला कलायची, पीळ पडायचा, आणि कोसळायची. डार्नली म्हणायचा, असू दे, उद्या. काका लांबून बघायचे आणि माती परत मळायला घ्यायचे.

बाहेर पाऊस थांबायला तयार नव्हता. जहाजाचा दिवस जवळ आला होता. मी घरी जाऊन उशीत तोंड खुपसायचे आणि मला कळायचं नाही की मी जमत नाही म्हणून रडतेय, की जमेल म्हणून.

एक दिवस मान आवळताना मी मातीकडे बघितलंच नाही. डोळे मिटले. दांड्याचा आवाज ऐकत राहिले, खट... खट... खट... तो आवाज मला माझ्या श्वासासारखा पाठ होता. मानेशी पाय हळू व्हायला हवा, एकसारखा. तो हळू झाला. आणि नेमका मान मिटताना मध्येच एक ठोका चुकला. बारीकसा. सुरई बसली.

 दुसरा गोळा घेतला. पुन्हा डोळे मिटले. पुन्हा तिथेच.

आधी आनंद झाला. खरं सांगते, आधी नुसता आनंद झाला. त्याला जायचं नाहीये. मग संताप आला. इतके दिवस मी स्वतःच्या हातांना शिव्या देत होते.

काका भट्टीकडे गेलेत हे बघून मी म्हणाले, "डार्नली, हा दांडा मी एवढी वर्षं ढकललाय. तिथे पाय आपोआप चुकत नाही. चुकवावा लागतो."

त्याने दांड्यावरचा पाय काढला. पागोळ्या गळत होत्या. "कधी कळलं?"

"आत्ता. तू कधीपासून करतोयस?"

"तुला जमायला लागलं त्या दिवसापासून."

"मग तोंडाने सांगायचं ना, की जायचं नाही."

"तेच तर कळत नाही, कोरीन." त्याने कपाळ पुसलं, चिखल आणखी पसरला. "बाबांचा चेहरा बघितला की वाटतं जावं. मलाही बघायचंय गं, ही टेकडी सोडून काय असतं ते. आणि सकाळी पायवाटेवर तुझी चप्पल वाजली की वाटतं... कुठे जायचं मरायला."

कुठल्याही मुलीने एवढ्यावर समाधान मानलं असतं. माझं डोकं तिरकं. माझ्या बिघडलेल्या सुरयांसाठी थांबलेला माणूस मला नको होता. उद्या ढगाकडे बघून उसासे टाकेल आणि मला वाटत राहील, याला मीच अडकवला.

मी म्हणाले, "उद्या शेवटची सुरई करते. थांबायचं असेल, तर मानेशी पाय अडखळू दे. मी काकांना सांगेन, मला जमत नाही, पोराला ठेवून घ्या. पुन्हा कधी विषय काढणार नाही. जायचं असेल, तर सरळ फिरव."

तो काहीतरी बोलणार होता. मी चप्पल घातली आणि निघाले.

दुसऱ्या दिवशी इतकं अंधारून आलं होतं की काकांनी सकाळीच कंदील लावला. मावशीने दिलेली मॉबी, म्हणजे झाडाची साल उकळून केलेलं पेय, मी तशीच ठेवली, एरवीही कडूच लागते. गोळा आपटला. हात ठेवले. तो खाली उभा राहिला. दोघांनीही एकमेकांकडे पाहिलं नाही.

मातीने त्या दिवशी अजिबात त्रास दिला नाही. गोळा पटकन शांत झाला. भिंत सरळ उठली. पोट भरलं, इतकं गोल की काका हातातलं लाकूड खाली ठेवून बघत उभे राहिले. मी मानेशी आले. पाय हळू झाला. मी श्वास धरला. त्याचाही श्वास थांबल्याचं जाणवलं. खट... खट... मी मान आवळत होते आणि मनात म्हणत होते, आता. आता अडखळ. आता.

खट... खट... खट...

पाय चुकला नाही. मान मिटत गेली, बारीक, सरळ. मी हात काढले. चाक आपोआप थांबलं. सुरई उभी होती.

"जमलं गं पोरी," काका म्हणाले आणि तोंड फिरवून ओली लाकडं आत ओढायला गेले. 

मी म्हणाले, "अडखळला नाहीस."

"नाही."

"का?"

त्याने सुरईच्या बुडाशी साचलेला चिखल बोटाने काढला. "मोडवेना. इतकी सुंदर मान... तुझ्या हातची पहिली. आजवर मोडल्या त्याच मनाला जड झाल्यात." मग अगदी हळू म्हणाला, "माझं प्रेम आहे तुझ्यावर. त्या पहिल्या पावसापासून."

"आणि हे आत्ता सांगतोस. जाताना."

"तिकडे स्थिर झालो की तुला बोलावून घेईन."

आम्ही दोघांनी एकदमच काकांकडे पाहिलं. म्हातारा पावसात वाकून एकेक लाकूड उचलत होता. डार्नलीने मान खाली घातली. मी उठले, हात न धुताच त्याचा चेहरा धरला, आणि त्याच्या दोन्ही गालांवर माझी बोटं उमटली. त्याने ती पुसली नाहीत. मी तेवढंच घेतलं.

बंदरावर मी गेले नाही. त्या दिवशी भट्टी लावायची होती, आणि पावसात भट्टीजवळून हलता येत नाही. रमच्या दुकानातले लोक ती तडकण्याची वाट बघत होते. ती तडकली नाही. ती सुरई नीट भाजली गेली, तांबूस, खणखणीत. मावशीने मागितली, मी दिली नाही. माझ्या खिडकीत आहे. पाणी फार गार ठेवते.

तिकडे धुकं फार आहे, असं त्याने सुरुवातीला कळवलं होतं. पुढे कळवण्यासारखं कमी होत गेलं असावं.

आता मी वर बसते, खाली काका. म्हाताऱ्याचा पाय अजून पक्का आहे, एक ठोका इकडचा तिकडे होत नाही. माझ्या सुरया टेकडीवर सगळ्यात चांगल्या निघतात, हे आता रमचं दुकानही मान्य करतं. फक्त मान मिटायला आली की माझे हात क्षणभर थांबतात. काकांना खालूनही ते कळतं. परवा त्यांनी विचारलंच.

"कोरीन, तिथे रोज काय अडतं गं तुझं?"

"काही नाही, काका," मी म्हणाले. "फिरवा तुम्ही."