पॅसेजमधला उजेड

स्ट्रिप लाइट घ्यायला सोमनाथ मेन रोडवर गेला, तेव्हा दुकानदाराने आधी त्याच्यासमोर सात रंगांची, गाण्याच्या तालावर नाचणारी पट्टी टाकली.

"नाचायचं नाहीये हो," सोमनाथ म्हणाला. "म्हाताऱ्या आईला चालायचंय."

मग दुकानदाराने रिमोट बाजूला ठेवला आणि कामाचा माल काढला. अंबडच्या कारखान्यात दुसऱ्यांच्या मालातल्या चुका काढण्यात ज्याची उमर गेली, तो माणूस पट्टी सहजासहजी थोडीच घेणार! दाट दिव्यांची आणि विरळ दिव्यांची अशा दोन्ही त्याने लावून पाहिल्या. पांढरा उजेड दवाखान्यातल्यासारखा वाटला म्हणून पिवळसर घेतला. उघडे दिवे ठिपक्याठिपक्यांनी डोळ्यांना टोचतात, म्हणून वरून दुधी झाकण बसणारं अॅल्युमिनियमचं चॅनेल घेतलं. गॅरंटीचं पुन्हा पुन्हा विचारून दुकानदाराचं डोकं खाल्लं ते वेगळंच.

कारण तसंच होतं. दिवाळीनंतर आई पॅसेजमध्ये पडली होती. भागुबाईचं आयुष्य देवळ्याजवळच्या गावात गेलेलं. पाथर्डी फाट्यावरच्या या फ्लॅटमध्ये ती आली तीच मुळी कुरकुरत. डाव्या मनगटावर निभावलं, पण हाडांच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पुन्हा पडल्या आणि खुबा मोडला तर उठणं कठीण. आणि खाटेवर पडून राहायचं म्हटलं की भागुबाईच्या अंगावर काटा यायचा. "मला बसवून खाऊ घालू नका रे," ती म्हणायची. "पाय चालत्यात तोवर चालू द्या." सोमनाथला हे बोलणं मशीनसमोर उभं असतानाही आठवायचं. डोळ्यांचं विचारलं तर ती "जरा धुरकट दिसतंय" एवढंच सांगायची. डॉक्टरकडे जायचं नाव काढलं की तिचा नेमका कसला तरी उपास निघायचा.

रविवारी बापलेक कामाला लागले. आईच्या खोलीच्या दारापासून बाथरूमपर्यंत, डाव्या भिंतीच्या पायथ्याला चॅनेल बसलं. दहावीतली सृष्टी गुडघ्यांवर रांगत टोकं धरत होती.

"अहो, घर आहे की थिएटर?" शुभांगी स्वयंपाकघरातून म्हणाली. "इंटरव्हलला पॉपकॉर्न कोण देणार?" पण चॅनेलमागची टेप नीट चिकटावी म्हणून सगळी स्कर्टिंग कोरड्या फडक्याने पुसून आधी तिनेच दिली होती.

दिवेलागणीला सोमनाथने बटण दाबलं. ताटाभोवती रांगोळीची रेघ ओढावी तशी पॅसेजमध्ये मऊ पिवळी रेघ उमटली. दारात उभ्या भागुबाईने लगेच हात जोडले. संध्याकाळी घरात दिवा लागला की ती हात जोडायचीच, मग तो देवापुढचा असो की जिन्यातला.

"लय झ्याक दिसतंय रे सोमा," ती म्हणाली आणि भिंतीला हात न लावता सरळ चालत गेली, बाथरूमपाशी बरोबर वळली. आपल्या हातून आईसाठी एक काम तरी धड झालं, असं सोमनाथला मनापासून वाटलं.

आठवडाभराने पट्टीत काळा डाग दिसायला लागला. वीतभर रुंदीचा, आईच्या दारापाशी. सोमनाथला त्याचं काही वाटलं नाही. अशा पट्टीत दिवे तीन-तीनच्या गटाने जोडलेले असतात, एक गट गेला की तेवढा तुकडा अंधारतो. त्याने दुधी झाकण काढलं. आत सगळे दिवे लागलेले होते. झाकण परत बसवलं तेव्हा आईच्या दारापाशी लखलखीत उजेड होता आणि डाग बाथरूमच्या अलीकडे गेला होता.

दुकानदाराने कटकट न करता पट्टी बदलून दिली. अडॅप्टरही बदलला. डाग काही गेला नाही. कधी इथे असायचा, कधी तिथे.

शुभांगी एकदा कितीतरी वेळ त्या डागाकडे पाहत राहिली. "दिवा गेल्यासारखं नाही वाटत हो," ती हळूच म्हणाली. "पुढे कुणी उभं राहिल्यासारखं वाटतं." त्यानंतर ती पॅसेजमधून पाय उचलून भराभरा जायला लागली.

आई मात्र दिवसेंदिवस सुधारत होती. बाथरूमलाच काय, गॅलरीतल्या तुळशीपर्यंत एकटी जायची. चालताना डाव्या अंगाला थोडी वाकायची आणि तो हात खाली, जरासा पुढे ठेवायची. मनगट अजून दुखत असेल, असं सगळ्यांनी धरून चाललं.

आईला बटण चाचपडायला नको म्हणून सोमनाथने पट्टीला सेन्सर बसवला. माणूस आलं की उजेड आपोआप, बिनआवाजाचा. त्या संध्याकाळी भागुबाई खोलीतून बाहेर आली, रेघ उजळली, आणि ती तशीच चालत पुढे गेली.

"पप्पा, आजीने आज नमस्कार नाही केला," सृष्टी सोफ्यावरून म्हणाली.

"विसरली असेल."

दुसऱ्या दिवशीही भागुबाई विसरली. सोमनाथच्या मनात पाल चुकचुकली. दुसऱ्याच्या मालात खोट शोधायची सवय, ती घरी तरी कशी सुटणार? पुढच्या संध्याकाळी त्याने सेन्सरची पिन काढून ठेवली. आई अंधाऱ्या पॅसेजमध्ये आली. त्याने बोर्डावरचं, कशालाच न जोडलेलं एक बटण दाबलं. खट्.

मिट्ट काळोखात आईने हात जोडले.

कॉलेज रोडवरच्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे ती या खेपेला निमूट आली. सोमनाथने दंड घट्ट धरला होता, तरी दवाखान्याच्या उंबऱ्याला ती अडखळली आणि आत खुर्चीला आपटली. डॉक्टरांनी बॅटरी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर धरली. बराच वेळ तपासलं.

"यांना उजेड आणि अंधारातला फरकही कळत नाही," ते सोमनाथला बाजूला घेऊन म्हणाले. "आणि हे आजकालचं नाही, बरेच महिने झाले असतील. घरात यांना धरून कोण चालवतं?"

"कुणीच नाही," सोमनाथ म्हणाला, आणि आपण काय बोललो हे त्याला रिक्षात बसल्यावर कळलं.

घरी आले तेव्हा भर दुपार होती. शुभांगी कामावर गेली होती. सोमनाथने आईला पलंगावर बसवलं आणि समोर जमिनीवर मांडी घातली.

"आई, सांगितलं का नाहीस?"

"तू येवढ्या हौसेनं लावलं रे," भागुबाई म्हणाली. "गुडघ्यावर रांगलास दिवसभर. मला दिसत नाय म्हणलं असतं, तर तुझं तोंड केवढंसं झालं असतं."

सोमनाथला रडू आलं. ते आवरून त्याने विचारलं, "मग तू चालतेस कशी?"

"सृष्टी नेती की." तिला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "बोट धरती माझं. बोलत नाय, पण नीट नेती."

"सृष्टी दिवसभर शाळेत असते, आई. तिथून क्लासला. आत्तासुद्धा नाहीये."

पलंगाच्या चादरीवरून भागुबाईचा हात नुसताच फिरत राहिला.

"मी म्हणलंच," ती म्हणाली. "पोरीचा हात येवढा बारीक कसा झाला? आन् चिकट. गूळ खाल्ल्यावानी."

सोमनाथ उठला. पट्टी उखडून टाकायची, सेन्सर, चॅनेल, सगळं. आईला रविराजकडे, धाकट्या भावाकडे गावी पोचवायचं, आजच. तो पॅसेजमध्ये गेला आणि भिंतीशी वाकला.

मागे पलंग करकरला.

आई उभी राहिली होती. डावा हात खाली, जरासा पुढे. ती दारातून बाहेर आली.

पॅसेजमध्ये दुपारचाही अंधारच असे. सेन्सरची पिन त्याने परत लावली होती; उजळलेल्या पिवळ्या रेघेवर तिच्या पावलांची सावली पडली. तिच्या पुढे, भिंतीला लागून, वीतभराचा डाग सरकत होता.

सोमनाथ मधोमध उभा राहिला. दोन्ही हात त्याने दोन्ही भिंतींना टेकवले.

डाग थांबला. आईही थांबली, त्याच्यापासून हातभर अंतरावर.

"सोमा," ती म्हणाली, "बाजूला हो. तिला जाता येईना."

"आई, चल, मी नेतो तुला."

"तू मघाशी नेलं ना दवाखान्यात," भागुबाई मायेने म्हणाली. "दोनदा आपटले मी. ही मला पडू देत नाय रे."



सोमनाथने एक हात खाली घेतला. मग दुसरा. भिंतीला पाठ लावून तो उभा राहिला.

आई त्याच्यासमोरून गेली. एकही पाऊल चुकलं नाही. तिचा लोंबता हात त्याच्या गुडघ्याजवळून गेला, तेव्हा त्याने पाहिलं. बाकीची बोटं सैल होती. अंगठ्याजवळचं तेवढं ताठ ओढलेलं होतं, आणि त्याचं मधलं पेर कुणी घट्ट आवळून धरावं तसं पांढरंफटक पडलं होतं.