सोडून दिलेला ट्रॅक

मेनफ्रेमच्या, म्हणजे कंपनीच्या मोठ्या संगणकाच्या, सिस्टीम डिस्क बदलायच्या आणि मशीन क्षणभरही बंद पडू द्यायचं नाही, हे माझं काम. बावीस वर्षांत एकदाही चुकलो नाही, हे मी जरा तोऱ्यातच सांगायचो.

त्या बुधवारी सकाळी दाढी करत होतो, तेव्हा पिल्लूनं, म्हणजे माझ्या सात वर्षांच्या लेकीनं, बाथरूमचं दार वाजवलं. दोन थापा, जरा थांबून एक. तिची खूणच ती.

"बाबा, आज शाळेत घ्यायला तू ये हं. आईला नको पाठवूस."

"येतो गं बाई!"

ऑफिसात ऑपरेटरनं जुन्या डिस्कची नक्कल नव्या डिस्कवर चालू करून ठेवली होती. फार काटेकोर माणूस, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. दुपारी ते म्हणाले, "साहेब, जुन्या डिस्कवरचा एक ट्रॅक वाचता येत नाहीये." ट्रॅक म्हणजे डिस्कवरच्या माहितीचं एक वर्तुळ, हजारोंतलं एक.

"रिकामा असेल. सोडा."

"तपासू का? दोनेक तास जातील."

"अहो मास्तर, लेकीला आणायला जायचंय मला. सोडा म्हटलं ना!"

सिस्टीम डिस्कवर कुणाची नावं-गावं नसतात, नुसत्या मशीनसाठीच्या सूचना असतात. हे मला आजही पक्कं ठाऊक आहे.

मी आज्ञा दिली. मशीन दोन सेकंद थबकलं आणि नव्या डिस्कवरून पुढे चालू लागलं. तक्रारीचा एकही फोन खणखणला नाही. मास्तर खुशीत हसले आणि त्यांनी जुन्या डिस्कची केबल काढली.

मी टेबलाकडे वळलो. पिल्लूनं काढलेला मासा मॉनिटरच्या कडेला चिकटवलेला होता. चिकटपट्टी जागेवर होती, कागदही होता. कागद कोरा होता.

बायकोला फोन लावला. "पिल्लूला मी आणतोय."

"कोण पिल्लू?"

"चेष्टा पुरे हं."

 ती रडवेल्या आवाजात म्हणाली, "आपल्याला मूल नाही, हे असं बोलून दाखवायलाच हवं होतं का रे?"

मी शाळेकडे धावलो. शाळेच्या फाटकाशी शेवटचं पोर घरी जाईपर्यंत उभा राहिलो. परत येऊन जुनी डिस्क तीनदा जोडली. मशीन तिला ओळखेचना.

शेवटी केबल काढली, वीज तोडली आणि तिथेच फरशीवर बसकण मारली.

डिस्कच्या कपाटावरचा हिरवा दिवा लागला. दोनदा. जरा थांबून एकदा.

मास्तर मागे सरकले. "साहेब, याला वीज नाहीये."

जुनी डिस्क न्यायला भंगारवाला रोज येतो. मी सही देत नाही. बायको डबा पाठवते, सोबत डॉक्टरचा नंबर.

शाळा सुटायच्या वेळी दिवा लागतो. दोनदा, थांबून एकदा. "आलो गं," म्हणत मी पत्र्यावर हात ठेवतो.

आज दोनदाच लागला.

शाळा सुटून तास होऊन गेला. मी थांबलोय.