मुकुटात चिखल भरणारा राजा

"आपला राजा गेला कुठी?" नीतू समाजमंदिराच्या भिंतीकडे बघतच राहिली.

रंजूचं तर डोकंच फिरलं. दिवाळीची अर्धी सुट्टी घालवून तिने पुठ्ठ्यावर कोळशाने राजा काढला होता. तलावाची पाळ फुटताना टोपली मिळेना, म्हणून मुकुटात चिखल भरून वाहणारा राजा! ही गोष्ट तिच्या मासेमार आजोबांची, मोतीलाल आबाजींची. गाव धरणात बुडालं, घर बुडालं, गोष्ट तेवढी त्यांच्यासोबत नव्या वसाहतीत आली. आज कार्यक्रमात आबाजी ते चित्र बघायला येणार होते, आणि भिंतीवर लटकत होता फ्लेक्सवरचा कुठला तरी मिशाळ राजा.

"याच्या हातात घड्याळ हाय," चंदन म्हणाला. "नाटकातला दिसते."

समितीचे धनराजकाका पांढराशुभ्र झब्बा घालून खुर्च्या मांडत होते. रंजू तडक त्यांच्यापुढे उभी राहिली. "काका, माहं चित्र कोनं हटवलं?"

"मले काय माहीत? पण बरंच झालं. राजाच्या मुकुटात चिखल? पाहुणे काय म्हनतील?"

राजा म्हणजे काय नुसती मिशी आणि तलवार? रंजू संतापाने बोलणार, इतक्यात नीतूने तिला चिमटा काढला. काकांच्या पांढऱ्या बाहीवर कोळशाचे काळे डाग होते. चंदनलाही ते दिसले, आणि स्टेजच्या पायाखालून डोकावणारी पुठ्ठ्याची कडही.

"काका, स्टेज डुगडुगून राह्यला," तो भोळेपणाने म्हणाला. "पाहुणे पडतील ना जी."

"कायले पडतील? पायाखाली जाड पुठ्ठा घातला ना म्या," काका बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

तिघं तोवर स्टेजशी पोचली होती. स्टेजचा पाय राजाच्या छातीवर रोवला होता. नीतू आणि चंदनने कोपरा उचलला, रंजूने पुठ्ठा ओढला. स्टेज कलंडला आणि टेबलावरचे गुच्छ घरंगळत खाली आले.

"काय चालू हाय?" सरपंच शकुनबाई धावत आल्या.

"आमचा राजा तुमच्या स्टेजखाली चिरडून राह्यला होता, मावशी." रंजूने पुठ्ठा वर धरला.

काठी टेकत आबाजी आले. पुठ्ठ्याला छातीशी भोक पडलं होतं, चेहरा आणि हात शाबूत होते. राजाची जाळ्याच्या दोरीने चिरलेली बोटं त्यांनी निरखून पाहिली.

"हे तं माहे हात हायत, पोरी."

"मंग? राजाले म्या कुठी पाह्यलं? चिखलातले हात पाह्यले ते तुमचेच."

आबाजींनी डोळे पुसले. "असाच व्हता तो. माह्या मागं आता तू सांगजो ही गोष्ट."

शकुनबाईंनी स्वतः फ्लेक्स उतरवला. "शाब्बास रे पोरांनो," त्या म्हणाल्या. "आन धनराजभाऊ, या फाटक्या पुठ्ठ्याले खिळा नाही चालत. तुमीच धरून उभे राहा."

पाहुण्यांचं भाषण चांगलंच लांबलं. तोवर काकांच्या दोन्ही बाह्या कोपरापर्यंत काळ्या झाल्या होत्या, आणि पहिल्या रांगेत बसलेले आबाजी चित्रावरची नजर हलवत नव्हते.